ड्रायव्हरच्या झोपेचा हिशेब कोणतं खातं ठेवणार?

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मा. कामगार मंत्री,
परिवहन आयुक्त आणि कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

रात्री दोनला माझ्या मोबाइलचा गजर होतो. पोरं जागी होऊ नयेत म्हणून मी ओट्यावर येऊन बसते आणि यांना फोन लावते. "कुठवर आले?" इथून सुरुवात होते. मग मोठ्या पोरीची शाळा, म्हशीचं दूध, सोसायटीचं कर्ज, जे सुचेल ते बोलत राहते. विषय संपले की मी त्यांना पाढे म्हणायला लावते. सतराचा, मग एकोणिसाचा. आकडा चुकला की मला कळतं, डोळे जड झालेत. मग ओरडून सांगते, गाडी बाजूला घ्या, तोंडावर पाणी मारा. चार-साडेचारला फोन ठेवते. सकाळी मला अंगणवाडी उघडायची असते.

गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. तरी मी तो करते आणि त्यांना करायला लावते, कारण दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही. आमच्या गल्लीत अशा चार बायका आहेत. हे कुणी लिहून कळवत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मी रावेर तालुक्यात राहते. माझे मिस्टर एकवीस वर्षांपासून ट्रकवर ड्रायव्हर आहेत. आमच्याकडची केळी दिल्लीच्या आझादपूर मंडीत पोचवायची, तिथून मिळेल तो माल भरून परत यायचं, हेच त्यांचं काम. माझं माहेर केळी पिकवणाऱ्यांचं आहे. कच्ची केळी कापल्यापासून तिचं घड्याळ सुरू होतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. गाडीला उशीर झाला तर माल पिवळा पडू लागतो, मंडीत भाव पडतो आणि तो तोटा फिरून शेतकऱ्याच्या आणि ड्रायव्हरच्याच अंगावर येतो. तेव्हा माल लवकर पोचू नये असं मी म्हणत नाही. एकाच माणसाला जागं ठेवून तो पोचवला जातो, याबद्दल माझी तक्रार आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट. एका मंगळवारी पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी, धौलपूर सोडून आग्र्याकडे जाताना यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. डाव्या बाजूचं केबिन आत गेलं. तिथे क्लीनर बसला होता, शेजारच्या गावचा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. यांना बरगडीला मार लागला, ते वाचले. बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा यांच्यावर दाखल झाला.

त्या रात्री मी फोन केला नव्हता. दोन दिवस गावात लग्न होतं, मी थकले होते, गजर वाजला तो बंद करून पुन्हा झोपले. त्या पोराची आई नातवाला घेऊन माझ्या अंगणवाडीत येते. पोषण आहाराची पाकिटं तिच्या हातात देताना मला तिच्याकडे बघवत नसे. मी झोपले म्हणून तिच्या पोराचा पाय गेला, असंच वर्षभर मनात होतं.

मग विम्याच्या कामासाठी गाडीमालकाने टोलचे मेसेज काढले. फास्टॅगमुळे प्रत्येक नाक्याची वेळ मिनिटासकट मोबाइलवर येते. ते मेसेज समोर ठेवून मी शंभर पानी वहीत दोन दिवसांचा हिशेब मांडला.

रविवारी पहाटे चारला हे आधीच्या खेपेहून परतीच्या रस्त्यावर होते. सकाळी माल खाली केला. दुपारी दोनला शेतावर गाडी लागली. भरणं चालू असताना दीड तास केबिनमध्ये आडवे झाले. रात्री नऊला निघाले. बऱ्हाणपूरहून इंदूरकडे जाताना भेरू घाटात पाच तास जाम. या पाच तासांत झोप नाही, कारण दर दहा मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यावी लागते. इंदूरच्या पुढे एका ढाब्यावर दोन तास झोपले. त्यानंतर जेवणखाण, डिझेल, आंघोळ सोडली तर सलग चाक फिरत होतं. जाममध्ये गेलेला वेळ भरून काढायचा होता. मंगळवारी सकाळी दिल्लीत नो-एन्ट्री लागायच्या आत मंडी गाठायची होती आणि "कुठवर आलास?" असे फोन तिकडूनही येत होते.

रविवार पहाटे चार ते मंगळवार पहाटे ३.४०, म्हणजे ४७ तास ४० मिनिटं. त्यात झोप साडेतीन तास, तीही दोन तुकड्यांत. हा हिशेब मांडला त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की माझ्या फोनने काही अडलं असतं तर पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. सत्तेचाळीस तासांत साडेतीन तास झोपलेल्या माणसाला बायकोच्या आवाजाने जागं ठेवता येत नाही.

साहेब, आता कायद्याकडे येते. तो मी एका वकील भाच्याकडून समजून घेतला आहे.

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात लिहिलं होतं : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन वाढवता येतं, पण त्या परवानगीनेही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपुढे नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. हे साठ वर्षांहून जास्त काळ कागदावर होतं. एकवीस वर्षांत यांना "आज किती तास गाडी चालवली?" असं कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही तपासणीत, एकाही अधिकाऱ्याने विचारलेलं नाही. कागद विचारतात, पासिंग विचारतात, वजन विचारतात, पीयूसी विचारतात.

आमच्या तालुक्यातल्या सावद्याहून दिल्ली अकराशे किलोमीटरच्या आसपास. भरलेल्या ट्रकचा सरासरी वेग ताशी ४० धरला तरी नुसतं चाक फिरायला साडेसत्तावीस तास हवेत. दिवसाला १० तासांच्या हिशेबाने ही खेप तिसऱ्या दिवशी पुरी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती ३३-३४ तासांत मागितली जाते आणि गाडीवर ड्रायव्हर एकच. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत ही अट नियमात होती, तीही सैल केली गेली. मालकाला दुसऱ्या माणसाचा पगार परवडत नाही, कारण भाडं एकाच माणसाच्या हिशेबाने ठरतं. आमचे मालक वाईट नाहीत. ते स्वतः आधी ड्रायव्हर होते. त्यांच्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींवर हप्ते आहेत. एकट्याने नियम पाळायचा ठरवला तर दुसऱ्या दिवशी माल दुसऱ्या गाडीला जातो. नियम सगळ्यांना लागू झाला तरच तो कुणा एकाला पाळता येईल, म्हणून सरकारकडे यावं लागतं.

आमच्यापासून जवळच भुसावळ आहे. तिथे रेल्वेची रनिंग रूम आहे. लोको पायलट गाडी आणतो, सही करतो, खोलीत जाऊन जेवतो, झोपतो. पुढची गाडी दुसरा माणूस नेतो. त्याने किती वाजता सही केली, किती वाजता उतरला, याची नोंद असते आणि त्याने किती तास चालवायचं याला नियमाने मर्यादा आहे. आमच्याच तालुक्यातली केळी रेल्वेच्या वॅगनमधूनही दिल्लीला जाते. एकाच मळ्यातला अर्धा माल रेल्वेने गेला तर तो नेणाऱ्याच्या झोपेची जबाबदारी सरकारची, आणि उरलेला अर्धा ट्रकने गेला तर ती माझ्या मोबाइलची! या फरकाचं कारण मला कुणीतरी समजावून सांगावं.

अपघातानंतर मी दोन सरकारी कार्यालयांत जाऊन विचारलं की ड्रायव्हरच्या तासांची तक्रार कुठे करायची. एका ठिकाणी सांगितलं, तास हा कामगारांचा विषय आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ट्रक हा परिवहनचा विषय आहे. कुणी उद्धट बोललं नाही. दोन्हीकडे बसायला खुर्ची दिली. पण कागद कुणीच घेतला नाही. म्हणून हे पत्र दोन्ही मंत्र्यांना एकत्र लिहिलं आहे.

त्यातच आता नवी भर पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत १९६१ चा कायदा विलीन झाला. जुना कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. नव्या संहितेत हा आकडा दहा झाला. आमच्या मालकाकडे तीन ड्रायव्हर आणि तीन क्लीनर, एकूण सहा माणसं. जुन्या कायद्यात ती बसत होती, नव्यात बसत नाहीत. आमच्या भागात दहा माणसं असलेला गाडीमालक शोधावा लागतो. एक-दोन-तीन गाड्यांचेच मालक जास्त. म्हणजे जे रात्रंदिवस चालवतात, तेच नेमके बाहेर राहिले.

तरीही तुमचे हात बांधलेले नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९१ काढून पाहा. वाहतुकीची गाडी चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील, असं त्यात म्हटलं आहे. तिथे पाच किंवा दहा माणसांचा उल्लेख नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने राज्य सरकारला अधिकार दिला आहे की मालकांनी ड्रायव्हरचे तास आधी ठरवावेत आणि त्यांची नोंद ठेवली जावी, अशी सक्ती करता येते. आणि चौथं पोटकलम सांगतं की त्या तासांबाहेर कुणी काम करू नये आणि कुणी करवून घेऊ नये. "करवून घेऊ नये" हे शब्द मी वहीत अधोरेखित केलेत. आजवर जे काही होतं ते ड्रायव्हरवर होतं. करवून घेणारा कधी कुणाच्या कागदावर येत नाही.

नोंद ठेवायला पैसा किंवा यंत्र नाही, असंही म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. माल नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी मोजून ठरवलेली आहे. केळीला ते लागत नाही, पण परतीच्या मालाला लागतं आणि मुदत संपली तर रस्त्यात गाडी अडते, दंड होतो. त्या बिलावर गाडीचा नंबर आहे, माल आहे, किंमत आहे. चालवणारा कधीपासून जागा आहे, हे कुठेच नाही. माल किती तास रस्त्यावर आहे हे सरकारला कळतं, तर माणूस किती तास रस्त्यावर आहे हेही कळू शकतं. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे आणि गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र ते नोंदवून ठेवतं. आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये म्हटलं होतं की विमानाच्या पायलटप्रमाणे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत. ते वाचून आमच्या घरी त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. नव्या ट्रकना एसी केबिन आली, तीही चांगलीच गोष्ट आहे. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या रस्त्यावर केबिनचं पत्रं कसं तापतं ते मी एकदा सोबत जाऊन अनुभवलंय. पण एसी म्हणजे झोप नाही.

आणखी एक तक्रार थांबण्याबद्दल आहे. भरायला गाडी लागली की सहा तास, खाली करायला लागली की कधी अख्खा दिवस. हा वेळ कुणाच्या खात्यात धरायचा? जुन्या कायद्याने टर्मिनलवरची पंधरा मिनिटांपेक्षा कमी हजेरी तेवढी स्पष्टपणे कामात धरली होती. त्यापुढचं थांबणं काम आहे की विश्रांती, यावर मग वाद घालता येतो आणि वाद घालणाऱ्यांना वाटतं, ड्रायव्हर गाडीत पडून तर असतो. पडून असतो, झोपलेला नसतो. डोळा लागला तर डिझेल चोरीला जातं, ताडपत्रीची दोरी कापली जाते, रांग पुढे सरकली तर मागचा हॉर्न वाजवून शिव्या देतो. त्या पाच-सहा तासांनंतर तोच माणूस रात्रभर गाडी हाकतो.

आणि अपघाताचा कागद. आमच्या पंचनाम्यात ब्रेक तपासले, टायर तपासले, यांनी दारू प्यायली नव्हती हे तपासलं. किती तास जागे होते, हे कुठल्याही रकान्यात नाही. केंद्राच्या वार्षिक अहवालातही अपघाताची कारणं म्हणून अतिवेग, दारू वा नशा, उलट्या बाजूने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि इतर, एवढेच रकाने असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर लिहिले गेले. झोपलेल्या माणसाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच असतो. त्यातल्या किती जणांचा डोळा लागला होता, हे लिहिलंच नाही तर मोजणार कसं? आणि मोजलं नाही तर तुमच्या बैठकीत तो विषय येणार कसा?

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळा देश त्यांच्याबद्दल बोलत होता. अपघात करून पळून गेल्यास नव्या कायद्यात सांगितलेल्या दहा वर्षांच्या शिक्षेबद्दल ते आंदोलन होतं. शिक्षा किती असावी यावर मी बोलत नाही. अपघात करून पळून जाणाऱ्याची बाजूही घेत नाही. एवढंच म्हणते की शिक्षेची वर्षं मोजण्याआधी कामाचे तास मोजा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कलम ९१ चा अधिकार वापरून अधिसूचना काढा. एका गाडीच्या मालकापासून शंभर गाड्यांच्या मालकापर्यंत सगळ्यांना ती लागू असावी. प्रत्येक खेपेची निघायची वेळ, थांबे आणि पोचायची वेळ आधी लिहिलेली असावी, तिची प्रत ड्रायव्हरकडे असावी आणि कागदपत्रं तपासताना तीही तपासली जावी.

खेपेच्या वेळांची ती नोंद टोलच्या नोंदींशी ताडून पाहा. तास मोडलेले दिसले तर आधी गाडीमालक, भरणारा आणि माल मागवणारा यांना जबाबदार धरा. ड्रायव्हरचं लायसन्स घेऊन मोकळं होऊ नका. त्याला "नाही" म्हणायची सोय असती तर तो केव्हाच म्हणाला असता.

भरण्या-उतरवण्याच्या जागी दोन तासांपुढे थांबावं लागलं तर तो वेळ कामात धरा आणि त्याचे पैसे द्यायला लावा. पैसे द्यावे लागले की रांगा आपोआप कमी होतील.

पंचनाम्यात आणि अपघाताच्या ऑनलाइन नोंदीत एक रकाना वाढवा : ड्रायव्हर शेवटचा किती वाजता आणि किती तास झोपला होता. एक ओळ आहे, खर्च काही नाही.

सावदा, रावेर, फैजपूर हा केळी भरण्याचा पट्टा आहे. इथे ड्रायव्हरला झोपायला राखण असलेली जागा बांधा, जिथे गाडीचं डिझेल सुरक्षित राहील आणि आंघोळीला पाणी मिळेल. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर पहिल्या टप्प्यात हजार विश्रांतीस्थळं करण्याचं जाहीर केलं. त्यातली महाराष्ट्रात किती झाली, कुठे झाली, याची यादी प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा, म्हणजे निदान ड्रायव्हरला ठाऊक तरी होईल.

आणि नव्या संहितेचे राज्याचे नियम करताना वाहतुकीतल्या छोट्या मालकांना वगळल्यामुळे जी पोकळी राहिली आहे ती भरा. दिल्लीला जाणाऱ्या मालाचं वेळापत्रक एका राज्याला बदलता येत नाही, हे मला कळतं. मध्य प्रदेशाशी बोला, दोन ड्रायव्हरांची किंवा वाटेत ड्रायव्हर बदलण्याची पद्धत बसवा. ठरलेले तास भरले की ताजा माणूस गाडीवर चढला तर केळी आजच्याइतक्याच वेळात पोचेल आणि कुणाला सत्तेचाळीस तास साडेतीन तासांच्या झोपेवर काढावे लागणार नाहीत. भाडं थोडं वाढेल. केळीच्या डझनावर ते किती येईल, याचा हिशेब बाजार समिती, व्यापारी आणि शेतकरी यांनी एकत्र बसून काढावा. माझ्या माहेरचे लोक त्या बैठकीला येतील.

तो पोरगा आता गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. यांची केस अजून चालू आहे, तारखेला जावं लागतं. रविवारी पुन्हा गाडी भरायची आहे.

या पत्राचं उत्तर एका ओळीचं दिलंत तरी चालेल : ट्रक ड्रायव्हरच्या तासांची नोंद तपासणं तुमच्या दोघांपैकी कोणत्या खात्याचं काम आहे आणि जळगाव जिल्ह्यात ते कोणत्या हुद्द्याचा अधिकारी करतो. वही मी जपून ठेवली आहे. बोलवाल तिथे घेऊन येते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. रावेर, जि. जळगाव